पाचवे शील आणि दुखण्यावरचे औषध

पंचशील घेतलेल्या घरात दारूला जागा नाही, याविषयी बौद्ध बांधवांत दुमत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. एकच गोष्ट दोन ठिकाणी येते, याचा अर्थ ती महत्त्वाची आहे. इथपर्यंत सारे सोपे आहे. अडचण येते ती पुढे.

एका घरात म्हाताऱ्या मायला कॅन्सर झाला आहे. रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे. रात्र रात्र ती विव्हळते. डॉक्टर मॉर्फिनची गोळी लिहून देतात. शेजारचा कोणी सांगतो, ही गोळी अफूपासून होते. मुलाने नुकतीच सहकुटुंब दीक्षा घेतली आहे. तो विचारतो, विहारात उभे राहून शील घेतले, आता मायच्या तोंडात अफू घालायची काय? दुसऱ्या घरात बापाने दोन वर्षांपूर्वी दारू सोडली आणि आता गाडीवरून पडून त्याचा पाय मोडला. दुखणे थांबवणारी जालीम गोळी द्यावी तर जुनी खोड उठेल असे भय; न द्यावी तर माणूस डोळ्यांदेखत तळमळतो. तिसऱ्या घरात धाकटा भाऊ अजून पितोच आहे. दीक्षा घेऊनही पितो, म्हणून त्याला वंदनेला बसू द्यावे की नाही, यावर घरात तंटा आहे.

देवणीसारख्या तालुक्याच्या गावी आणि भोवतालच्या खेड्यांत हे प्रश्न कोणत्याही घरी उभे राहू शकतात. वरवर पाहता ते तीन आहेत. मुळात प्रश्न एकच आहे. पाचवे शील नेमके कशाला नको म्हणते? बाटलीतल्या किंवा गोळीतल्या वस्तूला, की त्या वस्तूने माणसाचे जे होते त्याला?

या शीलाच्या पाली नावात एक शब्द आहे, पमादट्ठान. पमाद म्हणजे गाफिलपणा, भान सुटणे. ट्ठान म्हणजे ठिकाण, कारण. ज्या मद्यामुळे माणसाचे भान सुटते आणि तो गाफील होतो, त्यापासून दूर राहण्याचा हा नियम आहे. पहिली चार शीले हिंसा, चोरी, व्यभिचार आणि खोटे बोलणे यांपासून आपल्याला आवरतात. पाचवे शील त्या चारींची राखण करते. भान सुटलेला माणूस चारीही शीले एका रात्रीत मोडू शकतो. शीलाचे कारण हे असे आहे. कारण ध्यानात न घेता शील पाळणे म्हणजे जुन्या सोवळ्याओवळ्यालाच नवे नाव देणे होय.

हा नियम कसा घडला ते विनयपिटकात सांगितले आहे. सागत नावाचा एक भिक्खू होता. त्याने एका विषारी नागाला काबूत आणले, म्हणून त्याची फार कीर्ती झाली. कोसंबीच्या उपासकांनी त्याच्या आदरापोटी घरोघर मद्य तयार ठेवले. सागताने प्रत्येक घरी थोडे थोडे घेतले आणि नगराच्या वेशीत तो कोसळला. भिक्खूंनी त्याला उचलून आणले आणि भगवंतांकडे डोके करून निजवले. नशेत तो वळला आणि त्याचे पाय भगवंतांकडे झाले. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले, हा पूर्वी माझ्याशी आदराने वागत नव्हता काय? ज्याने नागाला जिंकले, तो आता साध्या पाणसरड्याला तरी जिंकू शकेल काय? आणि मद्य न घेण्याचा नियम त्यांनी घालून दिला.

या कथेत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. सागत वाईट माणूस नव्हता. त्याला पाजणारेही वाईट नव्हते; त्यांनी प्रेमाने, आग्रहाने पाजले. आपल्याकडे लग्नात, हळदीत, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे १४ एप्रिलच्या मिरवणुकीतसुद्धा, असाच आग्रह होतो. दुसरी गोष्ट अशी की, सागताला संघातून हाकलून दिले नाही. त्याच्या पडण्यावरून नियम तयार झाला, पण त्याला टाकून देण्यात आले नाही. धाकट्या भावाला वंदनेला बसू द्यावे की नाही, याचे उत्तर येथेच अर्धे मिळते.

आता औषधाकडे येऊ. त्याच विनयपिटकात, महावग्गात, औषधांवर एक सबंध खंधक आहे. पिलिंदवच्छ नावाच्या थेरांना वाताचे दुखणे होते. वैद्यांनी सांगितले की तेल उकळून त्यात मद्य घालावे आणि ते द्यावे. भगवंतांनी परवानगी दिली. पुढे काय झाले? काही भिक्खूंनी त्या परवानगीचा आडोसा घेतला, तेलात मनसोक्त मद्य घातले आणि ते पिऊन झिंगले. गैरवापर झाला म्हणून भगवंतांनी औषधच बंद करून टाकले असते तर आजच्या पुष्कळ लोकांना ते योग्य वाटले असते. पण भगवंतांनी तसे केले नाही. त्यांनी माप ठरवून दिले: ज्या तेलात मद्याचा रंग, वास आणि चव कळून येत नाही तेवढेच पोटात घ्यावे. आणि ज्या तेलात मद्य जास्त पडले आहे त्याचे काय करावे? ते फेकून द्या असेही ते म्हणाले नाहीत. ते अंगाला चोळण्यासाठी वापरा, असे सांगितले.

या एका प्रसंगात आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. चार माणसांनी औषधाची नशा केली म्हणून पाचव्या आजारी माणसाचे औषध काढून घेणे हा धम्म नव्हे. आणि आजाऱ्याला औषध लागते म्हणून सर्वांना मोकळे रान देणे हाही धम्म नव्हे. औषध दुखण्यासाठी असावे, जाणकाराच्या हातून यावे आणि मापात असावे. या तीन अटी पाळल्या तर अफूपासून झालेली गोळीही औषधच असते. त्या सुटल्या तर खोकल्याचे औषधसुद्धा दारू होते.

आपल्या देशाने हीच चूक एकदा मोठ्या प्रमाणावर केली आणि मग ती सुधारली. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला. गर्द विकणाऱ्यांना जरब बसावी हा हेतू योग्यच होता. पण त्या कायद्याच्या आणि त्याखालच्या राज्यांच्या नियमांच्या जाळ्यात मॉर्फिनही सापडले. एका गोळीसाठी दवाखान्याला निरनिराळे परवाने लागू लागले. औषध दुकानदारांनी ते ठेवणे सोडले आणि डॉक्टरांची एक अख्खी पिढी ते न लिहिताच शिकली. १९९७ साली साऱ्या देशात औषध म्हणून वापरलेले मॉर्फिन अवघ्या १८ किलोंच्या आसपास उतरले. आणि हा देश कोणता? ज्याच्या मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, ज्याच्या नीमच आणि गाझीपूर येथे अफूचे सरकारी कारखाने आहेत, तो देश. जगाला औषधाचा कच्चा माल पुरवायचा आणि आपला रोगी तळमळत ठेवायचा, असा हा प्रकार झाला. केरळात १९९३ पासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालिकत येथून वेदनाशमनाचे काम सुरू केले. अशा कामामुळे आणि त्यांच्या सततच्या पाठपुराव्यामुळे २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. अत्यावश्यक अशा गुंगीच्या औषधांसाठी साऱ्या देशात एकच सुटसुटीत नियम आला. पिलिंदवच्छांच्या तेलाबाबत जो निवाडा झाला, त्याच दिशेने कायद्याला यावे लागले.

कोणी म्हणेल, पण वेदना सोसणे हेही एक तपच नव्हे काय? मागल्या जन्मीचे भोग आहेत, भोगून संपवावेत. हा विचार आपण ज्या घरातून बाहेर पडलो त्या घराचा आहे. नवदीक्षित कुटुंबांत तो अजून कोपऱ्यात बसून असतो, म्हणून त्याच्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. तथागतांनी देह कष्टवण्याचा मार्ग स्वतः सहा वर्षे चालून पाहिला आणि तो निरुपयोगी म्हणून सोडून दिला. आजचे दुःख हे गतजन्माच्या पापाचे फळ आहे, ही समजूत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. तिने गरिबाला गरीब ठेवले आणि अस्पृश्याला अस्पृश्य ठेवले. तीच समजूत आजाऱ्याला वेदनेत ठेवते. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, ही चार सत्ये वैद्याच्या पद्धतीची आहेत. भगवंतांना पोटाचा त्रास झाला तेव्हा त्यांनी जीवकाचे औषध घेतले. बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत असत. ते इन्सुलिन घेत, उपचार करून घेत. त्यांनी आपले दुखणे नशिबावर सोडले नव्हते.

देवणीच्या बैलाची कीर्ती महाराष्ट्राबाहेरही आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढून सुजलेल्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तेल चोळले जाते. बैलाचा खांदा दुखतो हे कळायला शेतकऱ्याला शास्त्र लागत नाही, आणि दुखऱ्या खांद्यावर जू ठेवणे हे तप आहे असेही कोणी म्हणत नाही. मग घरातल्या मायलाच सोस म्हणून का सांगावे?

संयुत्तनिकायात बाणाचा एक दृष्टांत आहे. अज्ञानी माणसाला देहाची वेदना झाली की तो शोक करतो, चडफडतो; म्हणजे एक बाण लागला असता तो दुसरा बाणही ओढवून घेतो. पुष्कळजण हा दृष्टांत येथेच थांबवतात आणि म्हणतात, बघा, वेदना मनाने जिंकावी. पण त्याच सुत्तात पुढे सांगितले आहे की, अशा माणसाला वेदनेतून सुटण्याचा दुसरा मार्ग ठाऊक नसतो, म्हणून तो सुखोपभोगाकडे धावतो. गुत्त्यावर संध्याकाळी कोण उभे असतात ते पाहा. दिवसभर ऊस तोडून, विटा वाहून, मोळ्या उचलून ज्यांचे अंग मोडले आहे ते. त्यांना दुसरा मार्ग कोणी दाखवला आहे काय? दारूने दुखणे बरे होत नाही, ते चार तास पुढे ढकलले जाते आणि व्याजासह परत येते. पण ज्याला दवाखाना परवडत नाही त्याला गुत्ता जवळ वाटतो. म्हणून वेदनेचा योग्य उपचार हा दारूबंदीचाच एक भाग आहे. या मुलखात गुत्त्याची सोय नेहमीच झाली. निजामाच्या राज्यात अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम झाला तो त्यामुळेच.

येथवर वाचून कोणी असे समजू नये की गोळीला भिण्याचे कारणच नाही. कारण आहे. अंगदुखीवर दुकानातून रोज गोळ्या घेऊन खाणे ही आज खेड्यापाड्यांत दुसरी दारू झाली आहे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर जठरात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात. वर दारू असेल तर धोका अधिक. पॅरासिटामॉल तुलनेने सौम्य. पण धडधाकट मोठ्या माणसानेही चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या पुढे जाऊ नये. दारूने ज्याचे यकृत खराब झाले आहे त्याने त्याहून पुष्कळ कमी, आणि डॉक्टरला विचारूनच घ्यावी. ट्रॅमाडॉल ही गोळी साधी म्हणून दिली जाई. तिची सवय लागते आणि जास्त झाली तर झटके येतात, म्हणून २०१८ साली तिलाही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. झोपेच्या गोळ्या आणि दारू, किंवा झोपेच्या गोळ्या आणि मॉर्फिन, ही जोडी डॉक्टरच्या देखरेखीवाचून घेतली तर श्वास थांबू शकतो.

मग औषध कोठे संपते आणि नशा कोठे सुरू होते? धम्माची कसोटी सोपी आहे. ही गोळी घेतल्यावर माणूस आपल्या माणसांकडे परत येतो, की त्यांच्यापासून दूर जातो? कॅन्सरची माय मॉर्फिन घेतल्यावर झोपू शकते, नातवाशी दोन शब्द बोलते, घोटभर पेज घेते. वेदनेने तिचे भान नेले होते. औषधाने ते परत आणले. हा अप्पमाद आहे, जागृती आहे. जो धडधाकट माणूस तीच गोळी घेऊन घरच्यांना ओळखेनासा होतो, त्याच्यासाठी तीच गोळी पमादट्ठान आहे. वस्तू एकच, शील मोडते ते एका ठिकाणी, दुसऱ्या ठिकाणी नाही.

मॉर्फिनविषयी घरच्यांनी काही गोष्टी जाणून असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्या सांगितल्या. आधी साधी वेदनाशामके, त्याने न भागले तर मधली औषधे, आणि तरीही वेदना राहिली तर मॉर्फिन. शक्य तोवर औषध तोंडावाटे द्यावे आणि घड्याळ पाहून द्यावे. रोग्याने ओरडावे आणि मग आपण द्यावे, असे नको. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी देतात. बद्धकोष्ठ जवळजवळ सर्वांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, ती बहुधा ओसरते. माणूस हाकेला ओ देत नसेल किंवा श्वास फार मंद झाला असेल तर ताबडतोब डॉक्टरला कळवावे. पुष्कळ दिवस घेतल्यावर शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकाएकी तोडू नये, हळूहळू उतरवावे. पण शरीराची सवय म्हणजे व्यसन नव्हे. हानी दिसत असूनही वस्तूसाठी जीव धावतो, चोरी करायला, खोटे बोलायला लावतो, ते व्यसन. आणि रोग्याला स्वतःला वाटले की थोडे दुखले तरी चालेल पण मन अधिक जागे राहू द्या, तर तिचे म्हणणे डॉक्टरला सांगून मात्रा कमी करून घ्यावी. किती सोसायचे हे ठरवण्याचा हक्क सोसणाऱ्याचा आहे. शेजाऱ्याचा नाही, मुलाचाही नाही.

आता धाकट्या भावाकडे वळू. जो दारूत पुरता बुडाला आहे, तो पापी की रोगी? लोक म्हणतात, यांपैकी एक काही तरी सांगा. पण प्रश्नच चुकीचा मांडला आहे. दारूने मेंदू आणि शरीर बदलते, म्हणून तो रोगी आहे. रोगी आहे म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. मधुमेह झालेल्याला पथ्य पाळावेच लागते. अंगुलिमालाला भगवंतांनी तू निर्दोष आहेस असे सांगितले नाही, आणि तू संपलास असेही सांगितले नाही. थांबण्याचा मार्ग दाखवला आणि पुढची वाट त्यालाच चालायला लावली. भिक्खू झाल्यावरही लोकांनी मारलेले दगड त्याला सोसावे लागलेच.

येथे घरच्यांच्या हातून अजाणता दोन मोठे अनर्थ होतात. पहिला असा की, पिणाऱ्याला खोलीत कोंडून घालतात आणि दारू एका दिवसात तोडतात. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर हातपाय थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे दोन-चार दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्यासाठी औषधे आहेत, ब-१ जीवनसत्त्व देतात. आपल्या शेजारच्या तेलंगणात शिंदीत क्लोरल हायड्रेट आणि गुंगीच्या गोळ्यांची भेसळ चालते. २०१५ साली तेथे अशा शिंदीवर छापे पडले आणि पिणाऱ्यांची शिंदी एकदम तुटली, तेव्हा अनेकांना दवाखान्यात दाखल करावे लागले. सीमेवरच्या आपल्या गावांनी हे विसरू नये.

दुसरा अनर्थ म्हणजे नकळत देण्याची पुडी. भिंतीवर जाहिरात असते, वर्तमानपत्रात असते: रोग्याला न सांगता दारू सोडवा. बायको बिचारी डाळीत पुडी कालवते. त्यात काय आहे हे तिला ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाचे औषध डॉक्टर काही रोग्यांना देतात, पण त्यांना सांगून, समजावून. ते पोटात असताना माणूस दारू प्याला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. नकळत दिले तर त्याला सावध राहण्याची संधीच मिळत नाही. आणि प्रश्न केवळ जिवाचा नाही. शील घेताना आपण ‘समादियामि’ म्हणतो, म्हणजे मी स्वतः स्वीकारतो. दुसऱ्याने डाळीतून घातलेले शील हे शीलच नव्हे. माणूस फसवून सुधारत नसतो.

तो कसा सुधारतो, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९८० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईकडे गर्दचे व्यसन पसरले. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, डॉ. अनिल २०२२ साली गेले; केंद्र चालूच आहे. तेथे मारझोड नाही, साखळ्या नाहीत. काही आठवडे माणूस राहतो. औषध, समुपदेशन, गटात बोलणे, व्यायाम यांत दिवस जातो. आणि मुख्य म्हणजे तेथे काम करणाऱ्यांत कितीतरी जण एके काळचे व्यसनी आहेत. बुडालेल्याला पोहून आलेलाच ओळखतो. पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे. याचे महत्त्व आपण ओळखावे. नवऱ्याचा रोग बायकोच्या अंगावर वळ होऊन उमटतो. पिणाऱ्याविषयी करुणा बाळगा असे सांगताना, बायकोने मार खात राहावे असे सांगणे मुळीच नाही. तिची आणि लेकरांची सुरक्षितता आधी. करुणा एकाला आणि वेदना दुसऱ्याला, अशी वाटणी धम्मात नाही.

आता राहिला तो बाप, ज्याने दारू सोडली आणि ज्याचा पाय मोडला. त्याला कोणी म्हणेल, हा जुना बेवडा, याला गोळी देऊच नका. हा अन्याय आहे. व्यसन सुटलेल्या माणसाचे हाड इतरांइतकेच दुखते. उलट न भागलेली वेदनाच त्याला पुन्हा गुत्त्याकडे ढकलू शकते. महावग्गात भगवंतांनी आजाऱ्याविषयी आणि सेवा करणाऱ्याविषयी जे सांगितले ते येथे तंतोतंत लागू पडते. जो आजारी हिताचे ते करत नाही, माप जाणत नाही, औषध घेत नाही, आपले दुखणे जसे आहे तसे सेवा करणाऱ्याला सांगत नाही आणि वेदना आली की धीर सोडतो, त्याची शुश्रूषा कठीण. आणि जो औषध तयार करू शकतो, पथ्य-अपथ्य जाणतो, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, ओकारी-मलमूत्राची किळस करत नाही, आणि धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवतो, तो सेवा करण्यास योग्य.

हे आजच्या भाषेत असे. बापाने डॉक्टरला प्रथमच सांगावे, मी पूर्वी पीत होतो. लाज धरून लपवू नये. लपवलेली गोष्ट डॉक्टरच्या हातून चूक करवते. औषध एकाच डॉक्टरचे, एकाच दुकानातून, ठरलेल्या दिवसांपुरते. साध्या औषधाने भागत असेल तर जालीम नको. जालीम लागले तर थोडे दिवस. गोळ्यांची पट्टी घरातल्या विश्वासू माणसाकडे राहावी, वेळेवर मोजून द्यावी, उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नयेत, दुकानात किंवा दवाखान्यात परत द्याव्यात. हा त्याचा अपमान होईल काय? त्याला न विचारता केले तर होईल. त्याच्याशी बसून ठरवले, त्यानेच सांगितले की पट्टी सुनेकडे ठेवा, तर ते त्याचे स्वतःचे शील झाले. आणि एखाद्या दिवशी तो घसरलाच तर दोन वर्षे वाया गेली असे कोणी म्हणू नये. शील मोडले तर पुन्हा घेता येते. म्हणूनच आपण ते दर वंदनेला घेतो. घसरणे ही शेवटची पायरी नव्हे. पण घसरलेल्याने त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे, एवढे मात्र हवेच.

विहाराने यात काय करावे? निधी गोळा केल्यावाचून होणाऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास, ज्यांनी दारू सोडली त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एकत्र बसावे. नव्याने सोडणाऱ्याच्या सोबत उदगीर, लातूर किंवा नांदेडला जाण्यासाठी एक माणूस ठरवावा. लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराचे विभाग आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारासाठी १४४१६ हे सरकारचे दूरध्वनी क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावेत. वेदनेत असलेल्या रोग्याच्या घरी आळीपाळीने जावे, रात्री एकाने जागावे. जयंतीच्या मिरवणुकीत प्यालेल्याला पुढे नाचू देऊ नये आणि मागे टाकूनही देऊ नये. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जावे. आणि गावात परवान्याचे दुकान असेल तर २००८ पासून महाराष्ट्रात मतदानाची वाट उघडी आहे: निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. आयाबहिणींच्या हाती दिलेले हे हत्यार गंजू देऊ नये.

भगवंतांना एकदा अतिसाराने लोळत पडलेला एक भिक्खू दिसला. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. आनंदाला सोबत घेऊन भगवंतांनी स्वतः त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि भिक्खूंना सांगितले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्या भिक्खूचा रोग कशाने झाला, त्याचे शील कसे होते, हे त्यांनी आधी तपासले नाही. मायला गोळी वेळेवर द्या. बापाची पट्टी त्याला विचारून सांभाळा. भावासाठी वंदनेची चटई अंथरून ठेवा. पाचवे शील घरात असे पाळायचे असते.

जयभीम.